मिनिटाला हजार शब्द: नवशिक्यांसाठी सुलभ गाईड

तुम्ही वर्गात नाव घातलंत, म्हणजे वाचायचं बरंच साठलंय आणि न वाचल्याची टोचणीही लागली आहे. गेल्या दोन-तीन दिवाळ्यांचे अंक पिशवीत तसेच आहेत, प्रदर्शनात सवलत होती म्हणून घेतलेली जाडजूड चरित्रं कपाटाला वाकवताहेत, आणि फोनवर रोज येऊन पडणाऱ्या पीडीएफची तर मोजदादच नाही. या सगळ्यावर उपाय एकच, वेग. वाचलेलं समजतं का, हा प्रश्न पुढच्या सत्रात घेऊ. त्या सत्राची फी वेगळी आहे.

आधी तुमचा सध्याचा वेग मोजायचा. सगळेच वर्ग इथून सुरू होतात, कारण आपण किती मठ्ठ आहोत हे पटल्याशिवाय कोणी दुसरा हप्ता भरत नाही. घड्याळ लावा, मिनिटभर वाचा, शब्द मोजा. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढ माणसाचा मूकवाचनाचा वेग सरासरी मिनिटाला २३८ शब्द भरतो. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ साली आधीच्या पुष्कळ अभ्यासांचे आकडे एकत्र करून हा हिशेब मांडला. कथा-कादंबरी असेल तर २६०. तुमचा मराठीतला आकडा याच्या बराच खाली येईल. खचू नका, तो आपल्या प्रत्ययांचा प्रताप आहे. ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपला एक शब्द. तेवढ्याच मजकुरासाठी इंग्रज माणूस सात-आठ शब्द खर्चतो आणि वर वेगवान म्हणवून घेतो. मराठीत आकडा वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा मजकूर सरावाला घ्यावा. तिथे ‘पार्किंग मध्ये’, ‘चेअरमन ने’, ‘टाकी तील’ असं तोडून लिहिण्याची पद्धत असल्यामुळे कोणाचाही वेग बसल्या जागी दीडपट होतो.

पाठ पहिला: बोट

या विद्येच्या आद्य गुरू एव्हलिन वुड, अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या शिक्षिका. विद्यापीठात शिकत असताना त्यांनी सादर केलेला ऐंशी पानी निबंध त्यांच्या प्राध्यापकांनी समोरच काही मिनिटांत वाचला, गुण दिले आणि परत केला. हे जमतं कसं, असा प्रश्न बाईंना पडला आणि त्यातून पुढचं सगळं घडलं, असं त्या सांगत. (आपल्याकडे उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना ही सिद्धी केव्हापासून प्राप्त आहे, पण त्यात संशोधनाचा विषय आहे असं कोणाला वाटलं नाही.) १९५९ साली त्यांनी वॉशिंग्टनमध्ये ‘रीडिंग डायनॅमिक्स’ नावाचे वर्ग काढले. मुख्य युक्ती अशी की पानावरून हात फिरवत न्यायचा आणि नजरेनं त्याच्यामागे धावायचं.

हे वर्ग थेट व्हाइट हाउसपर्यंत पोचले. केनेडी मिनिटाला १२०० शब्द वाचतात, ही बातमी तर इतकी गाजली की ती ऐकूनच लोक रांगा लावत. निक्सन यांच्या कर्मचाऱ्यांनी धडे घेतले, जिमी कार्टर अध्यक्ष असताना स्वतः विद्यार्थी झाले. निक्सन यांना पुढे गोत्यात आणलं ते ध्वनिमुद्रणाच्या फितींनी, आणि फिती झटपट ऐकण्याचा वर्ग तेव्हा निघालेला नव्हता.

तर बोट. ओळीखाली ठेवा आणि सरकवा. पोथी वाचणाऱ्या आजीचं बोट ओवीखालून असंच सरकत असे, आणि पहिलीच्या बाईही ‘बोट ठेवून वाच’ असंच सांगत. फरक इतकाच की दोघींनी त्याची पावती फाडली नाही. बोटामुळे ओळ चुकत नाही, लक्ष भरकटलं तर ते कुठून भरकटलं ते कळतं, हा फायदा खराच आहे. पण बोट मिनिटाला १२०० शब्दांवरून फिरवता आलं म्हणजे आपण तेवढे शब्द वाचले असं धरायचं असेल, तर कपडा मारताना आपण रोज टेबलावरचा पेपर वाचतोच.

पाठ दुसरा: नजर रुंद करणे

प्रशिक्षित वाचक एका नजरेत अख्खा परिच्छेद टिपतो, असं जाहिरातीत म्हटलेलं असतं. डोळ्याला हे अजून कोणी कळवलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल जाव्हाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत ध्यानात आलं की वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, उड्या मारत जातो. एका जागी पाव सेकंद थांबतो, सात ते नऊ इंग्रजी अक्षरांची उडी घेतो, पुन्हा थांबतो. उडी चालू असताना काही दिसत नाही. थांबतो तिथेही अगदी स्पष्ट दिसणारा भाग किती, हे पाहायचं असेल तर हात पुढे ताणून स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघा. बस, तेवढाच.

व्यायाम म्हणून या ओळीच्या मधल्या एखाद्या शब्दावर नजर रोखा आणि नजर न हलवता ओळीचं टोक वाचून दाखवा.

जमलं नाही ना? १९७५ साली मॅकॉन्की आणि रेनर या दोघा संशोधकांनी याचं मोजमापच घेतलं. वाचकाची नजर जिथे असेल तिथला थोडा मजकूर पडद्यावर खरा, बाकी सगळी अक्षरं फुल्या. नजर हलली की खऱ्या मजकुराची ही खिडकीही तिच्याबरोबर हलायची. खिडकी पुरेशी असेल तर आपण फुल्यांनी भरलेल्या पानात बसलोय याचा वाचकाला पत्ता लागत नाही आणि वाचनाचा वेगही घटत नाही. इंग्रजी वाचणाऱ्याची ही खिडकी डावीकडे तीन-चार अक्षरांची आणि उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांची असते. तिच्या पलीकडे जे आहे ते ‘टिपलं’ असं म्हणणं ही श्रद्धेची बाब झाली. खिडकी व्यायामानं रुंद होत असती तर शेजाऱ्याच्या मोबाईलवरचे मेसेज मान न वळवता वाचता आले असते. लोकलमधून रोज जाणाऱ्या कोणालाही विचारा, मान वळवावीच लागते.

पाठ तिसरा: दोन्ही बाजूंचे समास वाढवणे

हा परदेशी गाईडांमधला खास आवडता पाठ. ओळीचे पहिले दोन-तीन शब्द वाचू नयेत, शेवटचे दोन-तीन वाचू नयेत. कडांकडचं नजरेला आपोआप दिसतं. एवढ्यानं वेळ वाचतो, हे नाकारता येणार नाही.

मराठीत मात्र या युक्तीला एक विशेष रंगत आहे. इंग्रजीतला नकार वाक्याच्या सुरुवातीलाच दारात उभा असतो. आपल्याकडे तो सगळ्यांत शेवटी येतो. ‘आपल्या अर्जास अनुसरून कळविण्यात येते की, आपण सादर केलेली कागदपत्रे व आपली आजवरची सेवा विचारात घेऊन आपली पुणे येथे बदलीची विनंती मान्य करणे’ इथवर आपला झटपट वाचक पोचतो, कडेचे दोन शब्द शिस्तीत सोडतो आणि पेढ्यांच्या दुकानाकडे निघतो. सोडलेले शब्द असतात ‘शक्य नाही’. सरकारी मराठीनं हे तंत्र इतकं घोटवलं आहे की अर्धं पान भरून आशा वाढवत न्यायची आणि पूर्णविरामाच्या आधी एका शब्दात तिचा निकाल लावायचा, हे तिला लीलया जमतं. भाडेकरार, विम्याची पॉलिसी, सोसायटीचे उपविधी, सगळीकडे तेच. ‘पावसाच्या पाण्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई कंपनीकडून देय असणार’ हे वाक्य कुठे संपतं, त्यावर माणसाचं घर उभं असतं.

म्हणून आमच्या वर्गात या पाठाची मराठी आवृत्ती शिकवतो: फक्त शेवटचे दोन शब्द वाचा, बाकी सोडा. शासकीय पत्रांपुरती ही आवृत्ती कमालीची वेगवान आहे आणि आकलनही जवळजवळ पूर्ण होतं.

पाठ चौथा: मनातला आवाज बंद करणे

तुम्ही हे वाक्य वाचताना आत कोणीतरी ते म्हणतंय. झटपट वाचनाच्या शास्त्रात हा इसम क्रमांक एकचा शत्रू. तो बोलण्याच्या वेगानं चालतो म्हणून तुम्ही मागे पडता, तेव्हा त्याला गप्प करा, असा आदेश आहे. उपायही दिलेले असतात: वाचताना मनात एक-दोन-तीन-चार म्हणत राहा, गाणं गुणगुणा. प्रयोगशाळेत माणसांना असं तोंडानं दुसरंच काही बोलत वाचायला लावून पाहिलंय. सोपं वाक्य निभावतं. पण जिथे दोन वाक्यांतला संबंध जोडायचा असतो तिथे गाडी अडते. तो आतला इसम नुसता बडबडत नसतो, मागचं वाक्य पुढचं येईपर्यंत हातात धरून उभा असतो.

या बाबतीत आपल्या गावोगावच्या सप्ताहांकडे पाहावं. ज्ञानेश्वरीचं पारायण म्हणजे सात दिवसांत अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. व्यासपीठचालक जो वेग धरतील तो मंडपाचा वेग. निम्म्या माना डुलत असतात, तरी पानं बरोबर उलटली जातात, कारण शेजारच्याचं पान उलटल्याचा आवाज येतो. एव्हलिन वुड यांनी हे पाहिलं असतं तर वॉशिंग्टनचे वर्ग बंद करून इथेच मुक्काम ठोकला असता. मात्र त्याच मंडपात रात्री कीर्तन असतं, आणि तिथे बुवा एका अभंगावर दोन तास उभे राहतात. चार-पाच चरण, त्यातही पहिल्या चरणातून बाहेर पडायला पाऊण तास. सकाळच्या वेगाबद्दल कोणी चालकांना टोकत नाही, रात्रीच्या संथपणाबद्दल कोणी बुवांकडे तक्रार करत नाही. सकाळचं वाचन माहिती मिळवण्यासाठी नाही आणि रात्रीचा अभंग संपवण्यासाठी नाही, हे मंडपातल्या शेवटच्या रांगेलाही ठाऊक असतं. आमच्या शास्त्राला या मंडपातून एवढाच आक्षेप येऊ शकतो की तुम्ही सकाळचा वेग विकताय आणि पावती रात्रीच्या समजेची देताय.

पाठ पाचवा: मागे वळून न पाहणे

वाचून झालेल्या शब्दांकडे नजर परत जाते, साधारण शंभर उड्यांतल्या दहा-पंधरा मागच्या दिशेला असतात. ही वाईट खोड समजावी. मात्र २०१४ साली एका प्रयोगात वाचून झालेले शब्द लगोलग झाकून टाकले, म्हणजे मागे जाऊन उपयोगच नाही, तर आकलन उतरलं. त्याच वर्षी ‘स्प्रिट्झ’ नावाचं एक तंत्र गाजलं, त्यात शब्द एकामागून एक एकाच जागी लुकलुकत आणि मागे जायची सोयच नव्हती. फोनवर तसं वाचताना शिंक आली तर अर्धं वाक्य गेलं म्हणून समजा.

पाठ सहावा: सरावाचा उतारा

खालचा उतारा बोट फिरवत, नजर रुंद करत, आतल्या इसमाला गप्प बसवून वाचा. वेळ पाच सेकंद.

संस्थेच्या सभासदांना कळविण्यास आनंद होतो की, यंदा
भाजणी परातीत घेऊन तिच्यात कडकडीत तेलाचे
ठेवींमध्ये समाधानकारक वाढ झाली असून थकबाकीची
मोहन घालावे. तिखट, मीठ, तीळ व ओवा घालून गरम
वसुली करण्यासाठी संचालक मंडळाने विशेष
पाण्याने घट्ट भिजवावे. सोऱ्याने चकल्या पाडून
मोहीम हाती घेतली आहे. सर्व सभासदांनी
मंद आचेवर तांबूस होईपर्यंत
वार्षिक सभेस वेळेवर उपस्थित राहावे.

उतारा सुसंगत वाटला असेल तर तुम्ही पदवीला पात्र आहात. हे आमचं डोकं नव्हे. १९६० च्या दशकात अमेरिकेत असाच एक उतारा, दोन वेगवेगळ्या लेखांतल्या ओळी आलटून पालटून लावून, वर्ग पूर्ण केलेल्या वाचकांच्या हाती दिला होता. त्यांनी तो सुसाट वाचला, तोही एकदा नव्हे, आणि समजला म्हणून सांगितलं. पुढे मार्सेल जस्ट आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी शिकलेल्या झटपट वाचकांची गाठ साध्या चाळणाऱ्यांशी घातली. चाळणारे म्हणजे कसलंही प्रशिक्षण नसलेली, नुसतं ‘वरवर चाळा’ असं सांगितलेली माणसं. सोप्या मजकुराचा गोषवारा दोघांनाही आला, बारकावे दोघांचेही निसटले, अवघड मजकुरात दोघेही आपटले. म्हणजे मिनिटाला सहा-सातशे शब्दांचा वेग मिळतो, खरोखर मिळतो. फक्त तो वर्गाला न जाणाऱ्यांनाही मिळतो. ही माहिती प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला छापली आहे.

पाठ सातवा

हा पाठ गाळला तरी चालेल. आम्हीही गाळला आहे.

पाठ आठवा: वाचलेलं डोक्यात ठेवणे

पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात, त्यांच्या पुस्तकांवर हायलायटरची चाररंगी होळी झालेली असते. पिवळं महत्त्वाचं, गुलाबी फार महत्त्वाचं, हिरवं मागच्या वेळी आलेलं, आणि न रंगवलेलं तेवढं परीक्षेत येतं. पुस्तकाच्या पाच-सात ‘रिव्हिजन’ झाल्या की मजकूर ओळखीचा वाटू लागतो, आणि ओळखीचं म्हणजे येतंय असं वाटणं ही त्या खोलीतली सगळ्यांत महाग पडणारी चूक. रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांचे गट केले. कोणी उतारा पुन्हा वाचायचा, कोणी न बघता आठवेल तेवढं लिहून काढायचं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा लिहून काढणारे. यात नवीन काहीच नाही. ‘पुस्तक मिट आणि सांग’ असं आपल्या घरातून पूर्वापार ओरडलं जातं. फक्त पुस्तक मिटण्यात वाचल्याचं समाधान मिळत नाही, उलट काय काय येत नाही ते समोर येतं. म्हणून ते कोणी करत नाही आणि आमचे वर्ग चालतात.

त्याच मुलांना घाईचं वाचन मात्र वर्गाशिवाय उत्तम येतं. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतल्या सी-सॅटच्या पेपरात दोन तासांत ऐंशी प्रश्न, लांबलचक उताऱ्यांसकट. मुलं आधी प्रश्न वाचतात, मग उतारा. काय शोधायचंय ते माहीत असलं की नजर पळते.

याहून वेगानं पळणारी नजर बघायची असेल तर तहसील कचेरीबाहेर बसलेल्या जुन्या वकिलाच्या हातात सातबारा द्या. तुम्ही गट नंबर शोधेपर्यंत त्यांची नजर ‘इतर अधिकार’ या रकान्यावर जाऊन, फेरफाराचा क्रमांक टिपून परत आलेली असते आणि ते म्हणतात, ‘हा बोजा कधी उतरवणार?’ दहा सेकंदही लागत नाहीत. लासलगावच्या आसपासचा कांदा उत्पादक बाजारभावाचा तक्ता असाच वाचतो. किमान, कमाल, सरासरी बघितलं की आज गाडी भरायची की थांबायचं हे ठरलं. त्यांचे डोळे तुमच्या-आमच्यासारखेच, खिडकीही तेवढीच. पण पानावर काय असणार, कुठे असणार आणि त्यातलं नेहमीपेक्षा वेगळं काय, हे त्यांना पान उघडायच्या आधी माहीत असतं. २००७ साली हॅरी पॉटरचा शेवटचा भाग निघाला त्या दिवशी ॲन जोन्स नावाच्या बाईंनी तो ४७ मिनिटांत संपवला. आधीचे सहा भाग अंगात मुरलेले असले की सातव्यात हॅग्रिड कोण हे थांबून विचारावं लागत नाही, हे त्यामागचं एक कारण. उलट लाखो वाचकांनी तेच पुस्तक तीन दिवस पुरवून पुरवून वाचलं, कारण पहिल्या भागापासून दहा वर्षं वाट पाहिली होती.

तेव्हा वेगाचं खरं बी हे: त्या विषयातलं पुष्कळ, आधी, सावकाश वाचलेलं असणं. ते आमच्या वर्गात विकता येत नाही. त्याला पंधरा-वीस वर्षं लागतात आणि एवढ्या मुदतीचं पावतीपुस्तक छापून मिळत नाही.

पाठ नववा: परमोच्च वेग

वरचं काहीही न जमलेल्या विद्यार्थ्यानं निराश होऊ नये. मराठी माणूस आयुष्यात एकदा तरी जगातल्या सर्वोच्च वेगानं वाचतो, आणि तो प्रसंग म्हणजे ओळखीतल्या कोणाच्या तरी कर्जाला पतसंस्थेत जामीनदार राहणे. कागदांचा गठ्ठा बोटभर जाडीचा असतो. टाइप बारीक, वाक्यं दीड-दीड पानांची, आणि क्रियापदं अर्थातच शेवटी. कर्मचारी गठ्ठा आपल्याकडे वळवतो. बोट त्याचं, पानंही तोच उलटतो, फुल्या पेन्सिलीनं आधीच मारलेल्या असतात. ‘काका, इथे. इथे. इथे पूर्ण सही. इथे नुसती आद्याक्षरं.’ मनातला आवाज पूर्ण बंद असतो, कारण बाहेर कर्जदार पाहुणा मुलाच्या ॲडमिशनचं सांगत असतो. मागे वळून पाहणं शून्य. चहा यायच्या आत अख्खं वाचन आटोपतं आणि शेवटच्या पानावर, ‘वरील मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे’ याखाली, सर्वांत लफ्फेदार सही होते.

आकलनाची चाचणी यानंतर दोन-तीन वर्षांनी असते. ती घ्यायला वसुली अधिकारी घरी येतात.